ठाण्याचं तिकीट

लहानपणी दर मे महिन्यात आम्ही मामाकडे कराडला जायचो आणि पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कोणीतरी ते म्हणायचंच. ‘ठाण्याहून आलीस होय? सोडलं वाटतं तुला.’ सगळे हसायचे, मामेभाऊ तर पोट धरून, आणि मी पण हसायचे कारण सगळे हसत असताना आपण गप्प बसलो तर अजून चिडवतात. मला तेव्हा नीट कळायचंही नाही की यात हसण्यासारखं काय आहे. आईने एकदा येताना एसटीत सांगितलं की अगं आपल्या ठाण्याला वेड्यांचं हॉस्पिटल आहे ना, म्हणून म्हणतात.

मराठी घरात वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. जरा कोणी वेगळं वागलं की ‘याचं ठाण्याचं तिकीट काढा’. पुण्याकडे येरवडा म्हणतात. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, आणि त्यातलं आमचं ठाण्याचं १९०१ सालचं, म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली. एवढी वर्षं लोक तिथे बरे व्हायला जातायत आणि आपल्याकडे त्या गावाच्या नावाची नुसती थट्टा उरली. मी हे आत्ता एवढ्या पोटतिडकीने लिहितेय कारण या थट्टेमुळे माझे स्वतःचे तीन-चार महिने वाया गेले, आणि ते महिने फार वाईट होते.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर सुरू झालं. सुरू झालं म्हणजे एका दिवशी काही घडलं नाही, आणि मला वाटतं इथेच आपली फसगत होते कारण आपण घडण्याची वाट बघत बसतो. कोणी गेलं नव्हतं, नोकरी गेली नव्हती, नवऱ्याशी भांडण नव्हतं. फक्त बेडरूममधल्या खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग साठत गेला. आधी मी रात्री टीव्ही बघता बघता घड्या घालायचे, मग रविवारी घालू असं झालं, मग तो ढीग तिथेच राहायला लागला आणि सकाळी प्रत्येकजण त्यातूनच आपापलं ओढून काढायला लागला. कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला की मी स्क्रीनकडे बघत बसायचे, वाजून बंद होईपर्यंत, आणि मग मेसेज टाकायचे की मीटिंगमध्ये होते. मैत्रीण माझी एकदम जवळची, तिच्याशी बोलायला मला कधी कष्ट पडले नाहीत, आणि आता फोन उचलणं म्हणजे पाण्याची भरलेली कळशी उचलल्यासारखं वाटायचं.

आणि झोप. रात्री अकराला पडल्या पडल्या झोप लागायची पण तीन-चाळीसला जाग. रोज. घड्याळ बघायची गरज नसायची. मग एकेक सुरू व्हायचं, लेकीच्या क्लासची फी भरली का, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, ऑफिसच्या त्या शीटमध्ये मी चुकीचा कॉलम तर नाही ना उचलला, गॅस नोंदवायचा राहिला, आईकडे गेले नाही महिना झाला. आणि पाच-साडेपाचला दुधाची पिशवी दाराला अडकवल्याचा आवाज आला की वाटायचं चला संपली रात्र, आता उठायचंच आहे. उठून डबे, लेकीची शाळा, मग पाचपाखाडीहून स्टेशन, नऊ-दहा नंबरचा प्लॅटफॉर्म, ऐरोली. दिवसभर डोक्यात कापूस भरल्यासारखं. पण काम होत होतं बरं का. सगळं काम होत होतं. म्हणून कोणाला काही कळलं नाही आणि मलाही.

फेब्रुवारीत एका गुरुवारी संध्याकाळी गाडीतून उतरून स्टेशनबाहेरच्या सॅटिसच्या पुलाकडे चढत होते, नेहमीची गर्दी, मागून ढकलतायत, आणि अचानक छाती इतकी जोरात धडधडायला लागली की मला वाटलं झालं, अ‍ॅटॅक आला. हाताला मुंग्या, तोंड कोरडं, घाम, श्वास पुरेना. कडेला कठड्याला टेकून खाली बसले. एक बाई, हातात भाजीची पिशवी, थांबल्या. पाणी दिलं आणि म्हणाल्या, ‘बाळा, श्वास घेऊ नको, आधी सोड. तोंडाने सोड, हळूहळू, फुंकर घातल्यासारखा.’ त्या माझ्याबरोबर मोठ्याने फुंकर घालत होत्या, त्या गर्दीत. दहा-पंधरा मिनिटांत ओसरलं. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, त्यांची गाडी होती. नंतर मला कळलं की त्या अगदी बरोबर सांगत होत्या. पॅनिक अ‍ॅटॅकमध्ये आपण घाईघाईने श्वास आत ओढत राहतो त्यामुळेच मुंग्या आणि चक्कर वाढते, आणि श्वास सोडणं लांबवलं की हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. हा अ‍ॅटॅक साधारण दहा मिनिटांत टिपेला जातो आणि मग उतरायला लागतो. पण त्या क्षणी हे काही आठवत नाही, त्यामुळे आत्ता बरं असताना वाचून ठेवा. आणि एक, पहिल्यांदा असं झालं तर मनाचंच असेल म्हणून घरी बसू नका, डॉक्टरकडे जाऊन हृदय तपासून घ्या.

मी पण त्याच रात्री आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. ईसीजी नॉर्मल. बीपी जरा वाढलेलं. नवरा म्हणाला चला सुटलो. डॉक्टरांनी ईसीजीचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘झोप कशी आहे?’ एवढंच. आणि मी रडायला लागले ते थांबेचना, नवरा बघतच राहिला कारण त्याने मला असं रडताना बाबा गेले तेव्हाच बघितलं होतं. आजपर्यंत मला कोणी ‘झोप कशी आहे’ असं विचारलंच नव्हतं, ‘कशी आहेस’ विचारतात आणि आपण ‘बरं आहे’ म्हणतो. ते बरं आहे तोंडातून निघून जातं, त्याला विचार लागत नाही.

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-बारा, डी. हे मला फार आवडलं आणि प्रत्येकाने करावं असं मला वाटतं, कारण थायरॉइड कमी असेल किंवा बी-बारा कमी असेल तरी अगदी असंच होतं, थकवा, उदास वाटणं, काही आठवत नाही. माझं थायरॉइड ठीक होतं, बी-बारा बरंच खाली होतं, इंजेक्शनं घेतली, थोडा फरक पडला. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर खाली अजून एक ओळ लिहिली होती, काउन्सेलरला भेटणे. ती चिठ्ठी मी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पुढचे तीन-साडेतीन महिने ती तिथेच, लोकलच्या पासच्या मागे.

का नाही गेले? पैशांचं कारण मी नवऱ्याला सांगितलं, वेळेचं स्वतःला सांगितलं. खरं कारण ते मे महिन्यातलं हसणं होतं. मला वाटायचं एकदा त्या दारातून आत गेले की मी ‘ती’ होणार. सासूबाई काय म्हणतील, बिल्डिंगमध्ये कोणी बघितलं तर, उद्या लेकीच्या लग्नात कोणी हे काढलं तर, ती सातवीत होती हो तेव्हा. आणि गंमत म्हणजे, नाही गंमत नाही, वाईट वाटण्यासारखीच गोष्ट आहे की मी ज्या शहरात राहते तिथे नौपाड्यात १९९० पासून मनाच्या आरोग्यासाठी काम करणारी आयपीएचसारखी संस्था आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली, शाळेत असताना त्यांचा वेध हा करिअरबद्दलचा कार्यक्रम ऐकायला आमच्या बाईंनी आम्हाला नेलं होतं. म्हणजे मनाबद्दल उघड बोलणारी माणसं पायी जाण्याच्या अंतरावर आणि मी चिठ्ठी लपवून फिरतेय.

मी शेवटी गेले ते ऑफिसमधल्या एका मुलीमुळे. चोवीस-पंचवीसची असेल, नवीन जॉइन झालेली. आम्ही डबे खात होतो, तिची मटकीची उसळ होती, आणि कोणीतरी विचारलं संध्याकाळी टीमबरोबर येतेस का, तर ती सहज म्हणाली, ‘आज नाही, आज माझं काउन्सेलिंग असतं.’ आणि पोळीचा तुकडा मोडून परत खायला लागली. दाताच्या डॉक्टरकडे जायचंय अशा आवाजात. टेबलवर दोन सेकंद शांतता आणि मग परत गप्पा सुरू. काही झालं नाही. कोणी हसलं नाही. मी तिला नंतर लिफ्टमध्ये गाठलं आणि विचारलं की अगं, ते कसं असतं. ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही चला माझ्याबरोबर, मी बाहेर बसते.’ चोवीस वर्षांची मुलगी मला बाहेर बसते म्हणाली. ती खरंच आली आणि बसली.

आत मला वाटलं होतं बालपणाबद्दल विचारतील. त्या मॅडमनी आधी एक कागद दिला, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं, शून्य ते तीन मार्क, एकूण सत्तावीस. कशात रस वाटत नाही का, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटतं का वगैरे. हा कागद जगभर वापरतात आणि त्याने निदान होत नाही, फक्त अंदाज येतो की पाणी कुठपर्यंत आलंय. माझे सोळा आले. त्यातला नववा प्रश्न होता मरणाचे विचार येतात का. मी तिथे बराच वेळ पेन धरून बसले. मला काही करावंसं कधी वाटलं नव्हतं. पण तीन-चाळीसला पडल्या पडल्या दोन-तीनदा असं आलं होतं मनात की आपण नसतो तर हे सगळं आपोआप कोणीतरी केलं असतं आणि आपल्याला झोप मिळाली असती. मी एकवर खूण केली. मॅडमनी ते बघितलं, दचकल्या नाहीत, शांतपणे पुढचं विचारलं, कधी येतं, किती वेळ राहतं, तेव्हा जवळ कोण असतं. मी कोणालाही न सांगितलेलं ते वाक्य मोठ्याने बोलले आणि छत कोसळलं नाही. तुमच्या बाबतीत तो नववा प्रश्न हो असेल तर कृपा करून आजच्या आज कोणालातरी सांगा. टेली मानस म्हणून सरकारी फोन सेवा आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायला पाहिजे असंही नाही. रात्री तीन-चाळीसला पण फोन करता येतो हे मला तेव्हा माहीत असतं तर.

त्यांनीच मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांबद्दल लोक फार घाबरवतात. सवय लागते, सुस्ती येते, माणूस बदलतो. मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, पहिले काही दिवस मळमळेल, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. तसंच झालं. पहिला आठवडा नको नको झाला, तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी उठले तेव्हा बाहेर उजाडलं होतं. दुधाची पिशवी आल्याचा आवाज मी ऐकलाच नव्हता. दहा महिने घेतल्या, मग डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. सगळ्यांना गोळ्या लागतात असं नाही, माझ्या त्या ऑफिसच्या मैत्रिणीला लागल्या नाहीत, तिचं बोलण्यावर भागलं. ते डॉक्टरांना ठरवू द्या. शेजारणीला नको आणि व्हॉट्सअ‍ॅपला तर नकोच.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते ‘च’ बद्दल.

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत मी मॅडमना माझा दिवस सांगत होते आणि त्यांनी कागदावर नुसत्या रेघा ओढल्या. म्हणाल्या, तुम्ही दहा मिनिटांत एकवीस वेळा च म्हणालात. डबा मलाच करावा लागतो, वेळेवर पोचलंच पाहिजे, सासूबाईंना गरमच लागतं, लेकीचा अभ्यास मीच घ्यायला हवा, चूक व्हायलाच नको. मी कधी लक्षच दिलं नव्हतं. त्यांनी मग अल्बर्ट एलिस यांची ती पद्धत समजावली, १९५५ च्या सुमाराची, आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, कि. मो. फडके सरांनी ती मराठी माणसापर्यंत आणली. गाभा असा की घटनेने आपल्याला त्रास होतो असं वाटतं पण मध्ये एक पायरी असते, त्या घटनेबद्दल आपण स्वतःशी काय बोलतो ती. आणि ‘असं झालं तर बरं’ हे ‘असं झालंच पाहिजे’ झालं की जीव घुसमटायला लागतो. इच्छा सोडायची नाही, फक्त च काढायचा. मराठीत एका अक्षराचं काम आहे बघा. पोळ्या गरम असाव्यात. वेळेवर पोचले तर छान. लेकीचा अभ्यास कोणीतरी घ्यावा.

आता हे वाचून कोणी म्हणेल की म्हणजे सगळा दोष बाईच्या विचारांचा, कामं तर तेवढीच आहेत. अगदी हेच मी मॅडमना म्हणाले, जरा रागानेच. तर त्या म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, मग घरी जा आणि डोक्यात जेवढी कामं फिरतात तेवढी सगळी लिहून काढा, हाताने करायची नाहीत, लक्षात ठेवायची. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि मागे जिथे जागा मिळेल तिथे लिहीत बसले. एकसष्ट झाली. एकसष्ट! गॅसचा नंबर, पाहुण्यांच्या आंघोळीचा टॉवेल धुतलाय का, डासांचं लिक्विड, लेकीच्या सायन्स प्रोजेक्टचा थर्माकोल, वन्संच्या लग्नाचा वाढदिवस, सासूबाईंच्या डोळ्यांची तारीख, सोसायटीचा मेंटेनन्स, मावशींना आगाऊ दिलेले पैसे. नवरा आला तेव्हा मी पान त्याच्यासमोर ठेवलं आणि काही बोलले नाही. तो उभ्या उभ्या वाचायला लागला आणि मग खुर्ची ओढून बसला. चांगला माणूस आहे हो तो, सांगितलं तर सगळं करायचा, पण सांगणं हेच बासष्टावं काम होतं हे त्याला त्या रात्री दिसलं. त्याने पेन घेतलं आणि तेवीस कामांपुढे स्वतःचं नाव लिहिलं. आईच्या सगळ्या गोळ्या, सगळी बिलं, गॅस, क्लासची फी आणि क्लासच्या बाईंशी बोलणं. मदत करतो असं नाही, ती आता त्याची कामं. पहिल्या महिन्यात एकदा बिल चुकलं, दंड बसला, मी तोंड मिटून गप्प बसले आणि ते मला गोळ्या घेण्यापेक्षा जड गेलं. पुढच्या महिन्यात त्याने फोनला गजर लावला.

सासूबाईंचं मला सगळ्यात भय होतं. त्यांना मी बरेच दिवस सांगितलंच नाही, मग एकदा गोळीचं पाकीट त्यांना दिसलं. ‘काय गं, कसली गोळी?’ मी सांगून टाकलं. त्या काही वेळ शेंगा सोलत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हा झाला तेव्हा मी सहा महिने रडत होते. आमच्यात म्हणायचे बाळंतवारा लागला. मला कोणी दिली नाही गोळी.’ आणि परत शेंगा. तेव्हापासून माझी रात्रीची गोळी आणि पाण्याचा पेला त्या ओट्यावर काढून ठेवायच्या, दहा महिने, एक दिवस चुकल्या नाहीत.

रोजचं काय करते असं मला विचारतात. थोडं आहे. सकाळी पंचवीस मिनिटं कचराळी तलावाला चालते, वेगात वगैरे नाही, गाणी न ऐकता, उजेड डोळ्यावर पडेल असं. सकाळचा उजेड आणि रोज एकाच वेळी उठणं याने झोपेचं घड्याळ लागतं, रविवारी पण. संध्याकाळी चारनंतर चहा-कॉफी बंद केली कारण कॅफिन पाच-सहा तासांनी पण निम्मं अंगात असतं आणि मी ऑफिसच्या मशीनची कॉफी साडेपाचला प्यायचे आणि वर म्हणायचे झोप का मोडते. जाग आली आणि वीसेक मिनिटांत परत लागली नाही तर पलंगावर तळमळत पडत नाही, उठून स्वयंपाकघरात बसते, मंद दिवा, लसूण सोलते किंवा जुनं मासिक, डोळे जड झाले की परत जाते. पलंग आणि काळजी यांची जोडी मोडायची असं मॅडम म्हणतात. फोन हॉलमध्ये चार्जिंगला.

आणि काळजीला मी वेळ नेमून दिलीये. ऐरोली ते ठाणे. दहा-बारा मिनिटं लागतात. गाडीत चढले की फोनच्या नोट्समध्ये सगळ्या काळज्या टाइप करायच्या, अगदी वेड्यावाकड्या, दिघा येईपर्यंत भरभरून, मग ज्यावर उद्या काही करता येईल त्यापुढे एक टिंब द्यायचं, आणि कळव्याची खाडी दिसली की फोन पर्समध्ये. रात्री काही आलं डोक्यात तर मी मनात म्हणते तुझी गाडी उद्या संध्याकाळी. पहिले पंधरा दिवस काही उपयोग झाला नाही. मग व्हायला लागला. कपड्यांच्या ढिगाचं पण असंच, सगळा आवरायचा नाही, रोज पाच कपडे, मन असो नसो. मन झालं की करू असं आपण म्हणतो पण उदास असताना मन होतच नाही, आधी हात हलवायला लागतात मग मन मागून येतं.

काय जमलं नाही ते पण सांगते. ध्यानाचं अ‍ॅप मला त्रास द्यायचं, डोळे मिटले की धडधड वाढायची, तेव्हा मॅडम म्हणाल्या सध्या सोडा, हातापायांना काम द्या. पहाटेचा योगा क्लास लावला आणि त्यासाठी झोप तोडली, चुकलं. आणि ते पॉझिटिव्ह राहा, हसत राहा सांगणारे व्हिडिओ, त्याने मला जास्त वाईट वाटायचं, वाटायचं बघ हे पण जमत नाही. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हे वाक्य पण मला आता कोणी बोललेलं चालत नाही. लागलेलं असतं म्हणून तर माणूस बोलतो. नवऱ्याला मी स्पष्ट सांगितलंय की मी बोलते तेव्हा उपाय सांगू नकोस, जवळ बस. तो बसतो.

मागच्या डिसेंबरात मामेभावाच्या मुलीच्या बारशाला कराडला गेलो होतो. तोच मामेभाऊ. अंगणात मांडवात कोणीतरी परत ते ठाण्याचं काढलं आणि या वेळी मी हसले नाही. म्हटलं, हो, मी वर्षभर गोळ्या घेतल्या, काउन्सेलिंग घेतलं, आता बरी आहे. मांडवात एकदम गप्प. मला काही त्यांना लाजवायचं नव्हतं. पण रात्री सगळे झोपल्यावर भाऊ ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, ‘ताई, मला सहा महिने झोप नाही. ट्रॅक्टरचं कर्ज आहे.’ आम्ही दोन वाजेपर्यंत बोलत बसलो. तो आता कराडमध्येच डॉक्टरकडे जातो.

२०१५-१६ ला बंगळूरच्या निम्हान्सने, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, देशभर पाहणी केली होती, त्यात प्रौढांमध्ये शंभरातले जवळपास अकरा जण कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारात सापडले आणि बहुतेकांना उपचार मिळालेच नव्हते. मी जेव्हा केव्हा लोकलच्या लेडीज डब्यात बघते, तेव्हा मनात मोजते. शंभर-दीडशे बायका. मानसिक आरोग्याचा कायदा पण आहे, २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू, त्यात उपचार मिळणं हा हक्क म्हटलाय, तुमची माहिती गुप्त ठेवायची म्हटलंय, आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं असं म्हटलंय, आपली पॉलिसी काढून वाचा त्यासाठी.

आता शेवटचं, आमच्या पोळ्यांच्या मावशींना विचारून लिहितेय आणि काही गोष्टी बदलून. त्यांचा मुलगा वीसचा. वर्षभर घरात बसून, खिडक्या लावून, कोणीतरी माझ्याबद्दल बोलतंय म्हणायचा. गावाकडे नेलं, अंगारा झाला, दोन ठिकाणी पैसे गेले. मावशी माझ्याकडे पोळ्या लाटता लाटता एकदा रडल्या. मी त्यांना म्हटलं देवाचं करा तुमच्या मनाला बरं वाटेल ते, पण अशा आजारात औषध जितकं लवकर तितकं चांगलं, आणि खासगी परवडणार नाही तर आपल्या इथेच ओपीडी आहे. त्यांनी विचारलं कुठे. मी सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं, म्हणाल्या, ‘ताई, तिथं नको. तिथं ठेवून घेत्यात.’

तर मी सुट्टी काढली आणि गेले त्यांच्याबरोबर. चाळीस वर्षं या शहरात राहून त्या फाटकाच्या आत मी पहिल्यांदा गेले. आत झाडं आहेत, जुनी मोठी. केसपेपरची रांग होती, बाकांवर माणसं, कोणी भिवंडीहून आलेलं, कोणी पालघरकडून, बायका डबे घेऊन बसलेल्या, एक आजोबा पेपर वाचत होते, एक आई मुलाचे केस नीट करत होती. कुठल्याही सरकारी दवाखान्यात असतं तसं. मावशींचा मुलगा माझ्या आणि त्यांच्या मध्ये बसला होता, मान खाली. आधी एका ताईंनी बसवून सगळी विचारपूस केली, घरात कोण, जेवतो का, झोपतो का, मग डॉक्टरांनी. डॉक्टर त्याच्याशी बोलले, त्याच्याकडे बघून, मावशींकडे बघून नाही. ठेवून वगैरे कोणी घेतलं नाही, गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी या म्हणाले. बाहेर आल्यावर त्याने वडापाव मागितला. मावशी म्हणाल्या, लई महिन्यांनी तोंडाने मागून खाल्लं.

आता तिसरी तारीख आहे, येत्या बुधवारी. खिडकी दिवसा उघडी असते म्हणे. बुधवारी मावशी येणार नाहीत, पोळ्या नवरा स्टेशनजवळून घेऊन येईल, आणि मला जमलं तर मी अर्धा दिवस टाकून त्यांच्याबरोबर जाईन.